आयसीयूत पेशंटचं फीड बंद का करतात? व्हायरल आजारात पोट का बिघडतं?

कृष्णाकाठ
मंडळी, नमस्कार. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.
माझे सासरे (वय ६८, शुगर आहे) इन्फ्लुएन्झाच्या न्यूमोनियाने आयसीयूत आहेत. एच१एन१ पॉझिटिव्ह, व्हेंटिलेटरवर. फुफ्फुसांची माहिती डॉक्टर रोज नीट देतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण परवापासून नाकातल्या नळीतून चालू असलेलं फीड बंद केलंय. पोट फुगलंय, संडास झालेली नाही, आणि एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) वाढलंय म्हणाले. "आतडी सध्या काम करत नाहीयेत, वाट बघू" एवढंच सांगितलं. आम्हाला भेटायला दहा मिनिटं मिळतात, त्यात काय आणि किती विचारणार!
घरी सासूबाईंचा एकच धोशा आहे: "माणूस आधीच आजारी, त्यात उपाशी ठेवलाय, अंगात ताकद यायची कुठून?" मलाही त्यांना उत्तर देता येत नाहीये.
फुफ्फुसाच्या आजारात पोटाचं हे काय मध्येच? आणि फीड बंद म्हणजे काळजीची गोष्ट आहे का? कुणी यातून गेलं असेल किंवा या क्षेत्रातलं असेल तर कृपया लिहा.

आजोळ
ताई, काकांना लवकर बरं वाटो. सासूबाईंनाही जपा, या दिवसांत घरचे लोक जेवत नाहीत.

रात्रपाळी
मी आयसीयूत सिस्टर आहे, बरीच वर्षं. ड्यूटीवरून आलेय, झोपायच्या आधी लिहिते.
व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची आतडी मंदावणं हे आम्ही जवळजवळ रोज बघतो. झोपेची आणि वेदनेची औषधं (फेंटॅनिल वगैरे) आतड्यांनाही झोपवतात. पेशंट हलत नाही, पोटॅशियम खाली येतं, शुगरवाल्यांचं जठर आधीच सुस्त असतं. म्हणून आम्ही पोटावर सारखी नजर ठेवतो. बेंबीच्या रेषेत दोन्ही बाजूंना स्केचपेनने खूण करायची आणि दर शिफ्टला त्याच खुणांवरून टेप फिरवून घेर लिहायचा. खूण नसली तर सकाळची सिस्टर एक बोट वर मोजते, रात्रीची एक बोट खाली, आणि घेर वाढला की कमी झाला तेच कळत नाही. नळीला मोठी सिरिंज लावून काय परत येतं तेही बघतो: फीड तसंच्या तसं येतंय, हिरवं पित्त येतंय, की कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही येतंय. काळपट आलं तर रात्री दोन वाजता का असेना, डॉक्टरांना उठवायचं.
पोट फुगलेलं असताना फीड रेटलं तर उलटी होऊन ते फुफ्फुसात जाऊ शकतं. न्यूमोनियाच्या पेशंटला ते अजिबात परवडत नाही. तेव्हा फीड बंद केलं यात हयगय झाली असं मनात आणू नका. उलट कुणीतरी पोटाकडे बघतंय, असं समजा.

कृष्णाकाठ
@रात्रपाळी, खूप आधार वाटला. सासूबाईंना वाचून दाखवलं. टेपचं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे बघतंय कुणीतरी."

टाके_घालणारा
जनरल सर्जन आहे. आयसीयूतून "पोट बघायला या" असा फोन आला की जाणाऱ्यांपैकी मी.
मूळ प्रश्नाचं उत्तर असं. गंभीर आजारात बीपी पडतं, तेव्हा शरीर मेंदू आणि हृदय वाचवायला बघतं. पाणीकपातीत शहराच्या टोकाच्या वस्तीचं पाणी आधी तुटतं, तसा आतड्यांचा रक्तपुरवठा आधी आटतो. त्यात आम्ही बीपी वर आणायला नॉरऍड्रिनॅलिन देतो, त्याचा डोस मोठा असेल तर आतड्यांच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. शिवाय व्हेंटिलेटरचा छातीतला दाब वाढलेला असतो, त्यामुळे यकृतातून रक्त परत फिरायला अडथळा होतो. एसजीपीटी वाढायला हेही कारण असतं, औषधं असतात, आणि कधी विषाणू स्वतः.
बहुतेक पेशंटमध्ये हा सगळा प्रकार तात्पुरता असतो. आम्हाला भीती असते ती थोड्यांची, ज्यांच्या आतड्याचा रक्तपुरवठा खरोखर बंद होतो. शुद्धीवरचा माणूस पोट धरून ओरडतो. बेशुद्ध माणूस काहीच सांगत नाही. मग आडून अंदाज घ्यावा लागतो: घेर वाढत चाललाय, लॅक्टेट (रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढतं ते आम्ल) चढतंय, काल बीपीचं औषध कमी होत होतं ते आज पुन्हा वाढवावं लागलंय, शौचात रक्त आलंय. यातलं काही दिसलं की सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन. पेशंट हलवण्याच्या अवस्थेत नसेल तर निर्णय फार अवघड होतो, पण तो टाळून चालत नाही.
म्हणून भेटीच्या दहा मिनिटांत विचारायचं ते हे: पोट कालच्यापेक्षा मऊ आहे का? लॅक्टेट किती? बीपीचं औषध वाढतंय की उतरतंय? फीड पुन्हा कधी सुरू करून बघणार? एवढ्या उत्तरांवरून चित्र बऱ्यापैकी कळतं.

चार्ल्सकाठ
बोस्टनहून. वैद्यकीय आकडेवारीत काम करतो, डॉक्टर नाही.
याच प्रश्नावर इथल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या सर्जन मंडळींनी २०२० मध्ये चांगलं काम केलं होतं. कोविडच्या पहिल्या लाटेत त्यांना आयसीयूत आतडी बंद पडण्याचं आणि रक्ताअभावी मरून काळी पडण्याचं प्रमाण जास्त वाटायला लागलं. पण 'वाटणं' पुरेसं नसतं, कारण फुफ्फुसं इतकी निकामी झालेल्या कुठल्याही पेशंटची आतडी बिघडू शकतात. म्हणून त्यांनी तुलना केली. एका बाजूला एआरडीएस (फुफ्फुसं गंभीरपणे निकामी होणं) असलेले कोविडचे ९२ पेशंट, दुसऱ्या बाजूला एआरडीएसच पण कोविड नसलेले ९२, आजाराची तीव्रता वगैरे जुळवून घेतलेले. पचनसंस्थेची काही ना काही गुंतागुंत कोविडवाल्यांत ७४ टक्के, इतरांत ३७ टक्के. आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा प्रकार कोविडवाल्यांत ४ टक्के, इतरांत एकही नाही.
माझ्या मते यातला ३७ चा आकडाही तितकाच महत्त्वाचा आहे. कोविड नसतानाही तीनातल्या एकाहून जास्त पेशंटना त्रास झालाच. कृष्णाकाठ ताई, तुमच्या सासऱ्यांना जे होतंय ते कुणाच्या दुर्लक्षातून झालंय असं वाटू नये म्हणून हे लिहिलं.

टाके_घालणारा
@चार्ल्सकाठ, अभ्यास माहीत आहे, पण त्यावरून सगळं खापर विषाणूवर फोडायला मी तयार नाही. एकाच हॉस्पिटलचे पेशंट, मागे वळून पाहिलेल्या नोंदी. त्या काळात कोविडच्या पेशंटना झोपेची औषधं भरपूर लागत होती, पालथं झोपवलं जात होतं. आतडी मंद पडायला एवढं पुरतं.

चार्ल्सकाठ
मंद पडायला पुरतं, मान्य. पण काळं पडायला? ऑपरेशनमध्ये त्यांना आतड्यावर पिवळट पट्टे दिसले होते, मुख्य रक्तवाहिन्या मोकळ्या असताना. सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या झाल्या असाव्यात असा त्यांचा अंदाज होता. शिवाय कोविडचा विषाणू पेशीवरच्या ज्या एसीई२ नावाच्या प्रथिनाला धरून आत शिरतो ते लहान आतड्याच्या अस्तरावर भरपूर असतं.

टाके_घालणारा
गुठळ्यांचं पटतं. दुसऱ्या लाटेत मीही अशी आतडी पाहिली आहेत. मात्र ते कोविडचं वैशिष्ट्य आहे. इन्फ्लुएन्झा एसीई२ वापरत नाही. त्यामुळे या धाग्यावर कोविडचे अनुभव वाचून कृष्णाकाठ यांनी ते सगळे सासऱ्यांना लागू करू नयेत, इतकंच माझं म्हणणं.

रानवारा
लिहू की नको असं चाललं होतं, पण लिहितो.
२०२१ च्या एप्रिलमध्ये बाबा आयसीयूत होते. आम्हा सगळ्यांचं लक्ष एकाच आकड्यावर. घरच्या ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ फक्त ऑक्सिजन. ९४ झाला, ९६ झाला की सगळे हात जोडायचे. ऑक्सिजन सुधारत असतानाच एका रात्री फोन आला की पोट कडक झालंय, ऑपरेशन लागेल. आतड्याचा बराच भाग काळा पडला होता. बाबा त्यातून वाचले नाहीत.
कुणाचा दोष होता असं मी म्हणत नाही. त्या महिन्यात एकेक सिस्टर किती पेशंट सांभाळत होती ते डोळ्यांनी पाहिलंय. पण पोटाबद्दल विचारायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून या धाग्यावरचे प्रश्न मी उतरवून ठेवलेत आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतोय.

रात्रपाळी
@रानवारा, तुमच्या बाबांना नमस्कार. तो एप्रिल आम्ही कुणीच विसरलेलो नाही.

वनौषधी_प्रेमी
यकृत सुधारायला गुळवेलीचा काढा नळीतून देता येईल का, हे डॉक्टरांना विचारून बघा. आमच्याकडे तापात पिढ्यान्‌पिढ्या देतात.

यकृतवाला
कृपया नको. मी यकृताच्या आजारांवर काम करतो. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख नीट पटवली नाही असं म्हटलं. तो वाद चालू द्या. पण ज्या पेशंटचं एसजीपीटी आधीच वाढलंय आणि आतडी चालत नाहीयेत, त्याच्या नळीत घरचा कुठलाही काढा जाऊ नये, याबद्दल वाद नसावा. गुळवेलच नव्हे, हळदीचं पाणी, ओवा, काहीच नाही.

वनौषधी_प्रेमी
आयसीयूतल्या पेशंटबद्दल तुमचं म्हणणं मान्य. एरवीच्या तापाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. त्यावर वेगळा धागा काढतो.

सोनचाफा
विषय थोडा बाजूला नेते, पण पोट आणि व्हायरल आजार म्हटल्यावर राहवत नाही. डेंग्यू!
माझ्या भाचीला कोल्हापुरात डेंग्यू झाला. ताप उतरला म्हणून घरात सगळे निवांत, आणि नेमकं त्याच दिवशी पोट दुखायला लागलं, उलट्या थांबेनात. बहिणीला वाटलं बाहेरचं काही खाल्लं असेल. शेजारचे केमिस्ट काका म्हणाले, आधी दवाखाना गाठा. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत सुजलेली, पोटात पाणी. ऑपरेशन करावं लागेल का म्हणून आम्ही घाबरलो, पण डॉक्टर म्हणाले, ही सूज डेंग्यूचीच आहे, सुरी लावायची नाही. सलाईन मोजून-मापून दिलं, दर काही तासांनी रक्त तपासलं. आता ती ठणठणीत आहे, शाळेत जाते.

यकृतवाला
केमिस्ट काकांना माझा नमस्कार सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या वर्गीकरणात डेंग्यूच्या धोक्याच्या खुणांमध्ये पोटदुखी आणि सतत उलट्या आहेतच. ताप उतरतो तेव्हाच रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपण्याचा काळ असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. लोक प्लेटलेट मोजत बसतात आणि पोटाकडे कुणाचं लक्ष नसतं. आणखी एक, डेंग्यूच्या संशयात अंगदुखीला ब्रुफेन, डायक्लोफेनॅक किंवा ऍस्पिरिन घेऊ नका, पोटातून रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल चालतं, पण तेही मापात, कारण डेंग्यूत यकृत आधीच दुखावलेलं असतं.

चहाबाज
आमची आजी फ्लूच्या न्यूमोनियातून उठली तेव्हा नळी काढल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "मटणाचा रस्सा कुणी केलाय का?" सिस्टर हसून हसून बेजार. कृष्णाकाठ, काकांकडूनही लवकरच अशीच फर्माईश येवो.

मुगाची_पेज
नाव बघून ओळखलं असेलच, डाएटिशियन आहे. सासूबाईंच्या प्रश्नाला उत्तर देते, कारण तो प्रश्न बरोबर आहे. पेशंट उपाशी राहू नये असंच आम्हालाही वाटतं. व्हेंटिलेटरवर गेल्यावर शक्यतो ४८ तासांच्या आत नळीतून अन्न सुरू करावं असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आतड्याच्या अस्तराला थोडं अन्न मिळत राहिलं तर ते टिकून राहतं.
पण बीपी कोसळलेलं असताना पूर्ण फीड रेटणं धोक्याचं आहे. फ्रान्समध्ये व्हेंटिलेटर आणि बीपीची औषधं दोन्ही चालू असलेल्या सुमारे २४०० पेशंटवर एक मोठी चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला. नळीतून लवकर पूर्ण अन्न दिलेल्यांत आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचं प्रमाण २ टक्के होतं, शिरेतून पोषण दिलेल्यांत १ टक्क्याहून कमी. म्हणून आम्ही अशा वेळी थेंबाथेंबाने सुरू करतो, तासाला १० ते २० मिली. पोटाने ते सोसलं की मग हळूहळू वाढवायचं. फार दिवस जमलंच नाही तर शिरेतून पोषण देता येतं. त्याला जंतुसंसर्गाची आणि शुगर वाढण्याची जोखीम असते, म्हणून लगेच त्या वाटेला जात नाहीत.
फीड बंद असताना ग्लुकोजच्या सलाईनमधून मिळतात त्या कॅलरी थोड्याच, हे खरं आहे. पण पहिल्या काही दिवसांत शरीर स्वतःच्या साठ्यातून साखर बनवत असतं आणि भरपूर अन्न ओतलं तरी ते वापरलं जात नाही. उपास बराच लांबल्यावर एकदम पूर्ण फीड दिलं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली जातं, त्यातून हृदयाचा त्रास होऊ शकतो. आमची सावकाशी असते ती यासाठी.
आणि ताई, घरून पेज किंवा मुगाचं पाणी नेऊ नका. नळी बारीक असते, कण अडकले की ती बदलावी लागते. शिवाय त्यात प्रथिनं किती गेली हे मोजता येत नाही.

आजोळ
पेज नेऊ नका, हे 'मुगाची_पेज' यांनीच सांगावं! :)
एक शंका. फीड बंद असेल तर फ्लूची गोळी कशी जाते? तीही नळीतूनच देतात ना?

टाके_घालणारा
अगदी योग्य शंका. ऑसेल्टामिविर नळीतूनच दिलं जातं आणि गंभीर पेशंटमध्येही ते साधारणपणे पुरेसं शोषलं जातं. फीड थांबवलं तरी औषध थोड्या पाण्यातून देऊन नळी काही वेळ बंद ठेवता येते. पण जठरातून काहीच पुढे सरकत नसेल किंवा पोटातून रक्त जात असेल तर ते शोषलं जाईल याची खात्री नसते. तेव्हा शिरेतून देण्याच्या औषधाचा, उदाहरणार्थ पेरामिविरचा, विचार करतात. हा प्रश्न उद्याच्या भेटीत जरूर विचारा.

कृष्णाकाठ
आज विचारले सगळे प्रश्न. डॉक्टर आधी जरा चमकले, मग शांतपणे बसून सांगितलं. लॅक्टेट नॉर्मलला आलंय, बीपीचं औषध उतरतंय. सीटी काल रात्रीच झाला होता, आतड्याचा रक्तपुरवठा चांगला आहे. मोठं आतडं गॅसने फुगलंय. फ्लेटस ट्यूब टाकून गॅस काढलाय, पोटॅशियम दिलंय, झोपेचं औषध कमी करताहेत. ऑसेल्टामिविरबद्दल म्हणाले की नळीतून मागे काही येत नाहीये, म्हणून तेच चालू ठेवलंय.
एक राहिलं. चार्टवर 'पॅन' रोज दोनदा दिसलं. ऍसिडिटी तर त्यांना कधीच नव्हती.

रात्रपाळी
ते ऍसिडिटीचं म्हणून नाही. व्हेंटिलेटरवर जठराला ताणाचे अल्सर होतात, त्यातून रक्त जाऊ नये म्हणून देतात. स्टिरॉइड किंवा रक्त पातळ करायची औषधं चालू असली की जास्तच गरज.

चार्ल्सकाठ
यावर २०२४ मध्ये मोठी चाचणी प्रसिद्ध झाली आहे, व्हेंटिलेटरवरचे ४८२१ पेशंट. पँटोप्राझोल (म्हणजेच 'पॅन') घेणाऱ्यांत जठरातून मोठा रक्तस्राव १ टक्का, न घेणाऱ्यांत ३.५ टक्के. मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणजे द्यायला चांगला आधार आहे. फक्त व्हेंटिलेटर निघाला, धोका संपला की ते बंद करायला हवं.

टाके_घालणारा
आणि ते होत नाही! आयसीयूत सुरू झालेलं पॅन डिस्चार्ज कार्डावर जातं, तिथून घरच्या डब्यात, आणि माणूस वर्षानुवर्षं सकाळी उपाशीपोटी घेत राहतो. सर्वांना विनंती, घरी जाताना विचारा: ही गोळी कधीपर्यंत?

कृष्णाकाठ
बरेच दिवसांनी येतेय. आधी चांगली बातमी: बाबा घरी आले. :)
त्या दिवसानंतर पोट हळूहळू उतरलं. फीड आधी तासाला २० मिली, मग वाढवत नेलं. ज्या सकाळी संडास झाली त्या सकाळी सिस्टरनी स्वतः बाहेर येऊन आम्हाला सांगितलं. सासूबाईंनी तिथेच हात जोडले. इतर कुणाला विचित्र वाटेल, पण या धाग्यावरच्यांना कळेल. पॅनचं विचारलं, अजून पंधरा दिवसांनी बंद करायचं आहे.
आता तोंडाने मऊ खाताहेत. नळी निघाल्यावर गिळण्याची तपासणी झाली, सुरुवातीला घट्टसर द्यायला सांगितलं होतं. भूक कमी आहे, दोन घास खाल्ले की पोट भरतं म्हणतात. हे किती दिवस चालेल?

मुगाची_पेज
अभिनंदन! काही आठवडे चालतं हे. तीन जेवणांऐवजी दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं द्या. शुगर आहे म्हणून नुसता तांदळाचा भात गिळगिळीत करून देऊ नका. मुगाच्या डाळीची घट्ट खिचडी, अंड्याचा पांढरा भाग, पनीर, ताजं दही. स्नायू फार झिजलेले असतात, प्रथिनं सगळ्यात महत्त्वाची. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर तसं कळवा, जबरदस्ती नको.

यकृतवाला
फार आनंद झाला. माझी एकच सूचना. एसजीपीटी आता उतरलं असेल, पण महिन्याभराने लिव्हरच्या तपासण्या पुन्हा करा आणि त्यात अल्कलाइन फॉस्फटेज बघा, पित्तनलिकांना त्रास असला की ते वाढतं. आयसीयूत बराच काळ काढलेल्या थोड्या पेशंटमध्ये पित्तनलिकांना इजा होते. कोविडनंतर हे विशेष दिसलं, पण इतर गंभीर आजारांनंतरही होतं. पेशंट बरा होऊन घरी जातो आणि नंतर खाज, गडद लघवी, कावीळ सुरू होते. असं काही दिसलं तर थांबू नका, पित्तनलिकांचा एमआरआय करून घ्यावा लागतो.

कृष्णाकाठ
डिस्चार्ज कार्ड काढून बघितलं. अल्कलाइन फॉस्फटेज किंचित वाढलेलं आहे, तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं. खाज नाही, लघवी नेहमीसारखी. पुढच्या आठवड्यात फॉलोअप आहे, तेव्हाच रक्त द्यायला सांगते. रिपोर्ट आला की इथेच टाकेन.

यकृतवाला
टाका. जुना आणि नवा दोन्ही आकडे लिहा, आणि सोबत जीजीटी ही लिव्हरची तपासणीही करून घ्या.